गाव करी ते राव न करी : इटलीतील मूलकणसंशोधनाची कथा



शास्त्राचा इतिहास सांगताना आपण बहुधा राजांची बखर सांगतो. न्यूटन झाला, आइन्स्टाइन झाला, आपल्याकडे रामन झाले, असे एकेक सिंहासन दाखवीत पुढे जातो. पण राजाच राज्य सोडून गेला, तर मागे राहिलेल्यांनी काय करावे? हा प्रश्न एका देशापुढे प्रत्यक्ष उभा राहिला आणि त्याने त्याचे उत्तरही दिले. तो देश इटली, आणि ते उत्तर म्हणजे 1951 साली स्थापन झालेली तेथील राष्ट्रीय अणुगर्भविज्ञान संस्था. नावात अणुगर्भ असला, तरी अणुगर्भाच्याही पलीकडे असलेल्या मूलकणांचा शोध हे तिचे मुख्य कार्य. तिचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम राजाची ओळख करून घेऊ. एन्रिको फेर्मी यांची 1926 साली, वयाच्या 25 व्या वर्षी, रोम विद्यापीठात प्राध्यापक म्हणून निवड झाली. पानिस्पेर्ना नावाच्या रस्त्यावरील जुन्या इमारतीत त्यांच्याभोवती मोजके तरुण जमले. कोर्बिनो हे वडीलधारे प्राध्यापक सिनेटचे सभासद होते. पैसा आणि सरकारदरबारचे काम ते पाहत. 1934 साली या मंडळींना आढळले की, न्यूट्रॉन हा कण पॅराफिन मेणातून जाताना मंदावतो, आणि मंदावलेला न्यूट्रॉन अणुगर्भात अधिक सहज शिरतो. मेणाने होते ते पाण्यानेही होते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बागेतल्या कारंज्याचा हौद वापरला! अणुशक्तीच्या बहुतेक भट्ट्या पुढे याच तत्त्वावर उभारल्या गेल्या.

परंतु मेणाच्या लादीवर आणि हौदातल्या पाण्यावर भागण्याचे दिवस संपत आले होते. अमेरिकेत मोठमोठी यंत्रे उभी राहू लागली. फेर्मींनी हे ओळखले आणि 1937 च्या आरंभी, या कामासाठी एक राष्ट्रीय संस्था काढावी, अशी योजना सरकारपुढे ठेवली. त्याच महिन्यात कोर्बिनो वारले. पाठीवरचा हात गेला, आणि पुढच्या वर्षी योजना नामंजूर झाली.

1938 चे ते वर्षच इटलीच्या विज्ञानाला काळवर्ष ठरले. मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले. फेर्मींच्या पत्नी ज्यू होत्या. डिसेंबरात नोबेल पारितोषिक घेण्यासाठी फेर्मी सहकुटुंब स्टॉकहोमला गेले, ते तेथून परस्पर अमेरिकेस. त्यांचे सहकारी सेग्रे यांची नोकरी गेली. तेही अमेरिकेतच राहिले. पाडुआ येथे विश्वकिरणांचा अभ्यास करणारे ब्रुनो रॉसी यांनी नुकतीच नवी प्रयोगशाळा बांधून पुरी केली होती. तिच्यातून त्यांनाच काढून टाकण्यात आले. राझेत्ती 1939 मध्ये कॅनडास गेले. रोमच्या त्या मेळाव्यातले एदोआर्दो आमाल्दी तेवढे मागे राहिले. राव गेला, दरबारही पांगला.

आता गावाची गोष्ट सुरू होते. 19 जुलै 1943 रोजी रोमवर बॉम्ब पडले आणि विद्यापीठाच्या परिसरालाही त्यांची झळ लागली. कॉनव्हेर्सी आणि पिच्चोनी हे दोन तरुण तेथे विश्वकिरणांतल्या एका कणावर प्रयोग करीत होते. त्यांनी आपली उपकरणे उचलली आणि व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात नेऊन मांडली. धर्मपीठाच्या आसपास बॉम्ब पडणार नाहीत, हा हिशेब! पुढे शहर जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी तळघरातले काम चालू राहिले. युद्ध संपल्यावर प्रतिकार-चळवळीत लढून आलेला पान्चीनी त्यांना मिळाला.

त्यांना काय सापडले, हे थोडक्यात सांगतो. अणुगर्भातील कणांना बांधून ठेवणारा एक कण असला पाहिजे, असे जपानचे युकावा यांनी 1935 साली मांडले होते. विश्वकिरणांत सापडलेला कण तोच, असा समज होता. तो तोच असेल, तर त्यातला ऋणभारित कण पदार्थात थांबताच अणुगर्भाने त्याला गिळून टाकावयास हवे. या तिघांनी लोखंडात पाहिले, तेथे तसेच घडत होते. पण कर्बात पाहिले, तेव्हा तो कण सुखाने आपले आयुष्य संपवून विघटन पावत होता! म्हणजे हा युकावांचा कण नव्हेच. 1947 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अमेरिकन शास्त्रज्ञ अल्वारेझ यांनी 1968 च्या आपल्या नोबेल-व्याख्यानात आधुनिक कणविज्ञानाचा आरंभ याच प्रयोगापासून मानला आहे.

असे काम करणारी माणसे तरी देशात टिकणार होती काय? पिच्चोनी 1946 मध्येच अमेरिकेस गेला. त्याच वर्षी आमाल्दींनाही फेर्मींनी शिकागोला येण्याविषयी सुचविले. तेथे पैसा, यंत्रे आणि जिवलग मित्र होते. येथे पडकी घरे आणि रिकामी तिजोरी. आमाल्दींनी नकार दिला. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठा प्रयोग हाच.

पण नुसत्या त्यागाने प्रयोगशाळा चालत नाही. जे कोणा एका विद्यापीठाला झेपत नाही, ते अनेकांनी मिळून करावे, हा मार्ग आमाल्दी आणि बेर्नार्दिनी यांनी धरला. आल्प्सवर सुमारे 3500 मीटर उंचीवर, जेथे विश्वकिरणांना वातावरणाचा अडथळा कमी, तेथे 1948 साली एक प्रयोगशाळा उघडली. आणि 8 ऑगस्ट 1951 रोजी रोम, पाडुआ, तुरिन आणि मिलान या चार विद्यापीठांतील मंडळींची मिळून राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बेर्नार्दिनी तिचे पहिले अध्यक्ष. या संस्थेने आपला स्वतंत्र राजवाडा बांधला नाही. तिच्या शाखा विद्यापीठांतच राहिल्या. जो संशोधन करी तोच वर्गात शिकवी, आणि ज्याला शिकवी तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षी प्रयोगात हात घाली. शिक्षण आणि संशोधन यांची अशी एक चूल मांडली गेली.

पुढे मोठे यंत्र बांधण्याचे ठरले, तेव्हा ते कोणाच्या गावी उभारावे यावरून चुरस लागली. पिसा शहराची उमेद मोठी. पिसा, लुक्का आणि लिव्होर्नो येथील नगरपालिकांनी व प्रांतिक मंडळांनी त्यासाठी पैसाही देऊ केला. पण यंत्र गेले रोमजवळच्या फ्रास्काटीला. आता या पैशाचे काय करावे? 1954 च्या उन्हाळ्यात फेर्मी व्याख्यानांसाठी मायदेशी आले होते. कॉनव्हेर्सी तेव्हा पिसा येथे प्राध्यापक होते. त्यांनी आणि इतरांनी सल्ला विचारला. फेर्मी म्हणाले, इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधा. पिसाने ते बांधले. 1961 साली त्याचे उद्घाटन झाले. सल्ला देणारे फेर्मी मात्र त्याच 1954 च्या नोव्हेंबरात निवर्तले. गेलेला राजा पाहुणा म्हणून आला आणि गावाला शहाणपणाचा शब्द देऊन गेला.

फ्रास्काटीचे यंत्र साल्विनी यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी बांधले. 1959 साली ते चालू झाले, आणि इलेक्ट्रॉनांना 110 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा देऊ लागले. मूळचे व्हिएन्नाचे, नाझींच्या कैदेतून वाचलेले ब्रुनो टूशेक रोममध्ये स्थायिक झाले होते. 7 मार्च 1960 रोजी त्यांनी एक कल्पना मांडली : कणांचा मारा स्थिर लक्ष्यावर करण्याऐवजी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांना एकाच कड्यात उलट दिशांनी फिरवून समोरासमोर का आदळू नये? पुढील वर्षी 27 फेब्रुवारीला तसे कडे तयार होऊन त्यात कण फिरूही लागले! लहानसेच होते ते यंत्र. जिनीव्हाजवळील 27 किलोमीटर परिघाचे आजचे प्रचंड यंत्र समोरासमोरच्या टकरीच्या याच घराण्यातले आहे.

येथे आपल्या मुंबईचाही एक धागा जुळतो. केंब्रिजला असताना होमी भाभा काही काळ रोमला फेर्मींकडे राहिले होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांचे गणित 1936 साली प्रसिद्ध झाले. पुढे अशा यंत्रांत टकरी किती झाल्या याचे माप घेण्यासाठी तेच गणित उपयोगी पडले, आणि त्या क्रियेला भाभांचेच नाव मिळाले. ते भाभाही परदेशची वाट सोडून येथेच राहिले, आणि 1945 साली त्यांनी टाटांच्या साहाय्याने मूलभूत संशोधनाची संस्था काढली.

कोणी म्हणेल, युद्धाने नागवलेल्या देशाने भाकरीआधी कणांमागे का लागावे? प्रश्न रास्त आहे. कणांनी कोणाचे पोट भरले, असे मी म्हणणार नाही. परंतु बुद्धिमान तरुणाला आपल्या देशात करण्याजोगे काम उरले नाही, तर तो जातो. आणि तो गेला की पुढच्या पिढीचा शिक्षकही जातो. इटलीने ही गळती पुरती थांबवली नाही, पण गळणाऱ्या घराला छप्पर घातले. एका योजनेला 1938 मध्ये नकार मिळाला होता. तीच गोष्ट 13 वर्षांनी, तिचा जनक परदेशी असताना, चार गावांनी मिळून केली.

राव मोठा होता, यात शंका नाही. पण तो गेल्यावर ज्यांनी तळघरात दिवा जळत ठेवला, ज्यांनी बोलावणे नाकारले आणि ज्या नगरपालिकांनी न समजणाऱ्या यंत्रासाठी पैसा काढून ठेवला, त्यांचीही नावे बखरीत यावयास हवीत.