एका गवताची दोन वावडी

नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या बाजूला पावसाळा सरता सरता बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कुंपणाशी गाजरगवत माजते. श्रमदानात मुले ते हातानेच उपटतात. मग कुणाला शिंकांमागून शिंका येतात, तर कुणाच्या मानेवर व कोपराच्या घडीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाजरे चट्टे उठतात. दोघांनाही ‘अ‍ॅलर्जीची गोळी’ दिली जाते. पहिल्याला तासा-दोन तासांत बरे वाटते. दुसऱ्याचे चट्टे तसेच राहतात. गवत तेच, गोळीही तीच. मग असे का?

हिस्टामीन प्रयोगशाळेत तयार झाले १९०७ मध्ये. हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० मध्ये ते प्राण्यांना टोचले, तेव्हा श्वासनलिका आवळल्या, रक्तदाब उतरला. तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्याचेच हे चित्र! पण हा पदार्थ जिवंत शरीरात असतोच, की मांस सडताना जंतू तो बनवतात, ही शंका उरली. १९२७ मध्ये डेल व सहकाऱ्यांनी अगदी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून तो वेगळा काढला, तेव्हा ती फिटली.

शिंकणाऱ्या मुलाच्या नाकात हेच घडते. मास्ट पेशींवर आधीच बसलेली प्रतिपिंडे परागातील प्रथिने पकडतात आणि पेशी हिस्टामीन ओततात. रक्तवाहिन्या व चेतातंतूंवरील ग्राहींना ते चिकटले की नाक गळू लागते. सारा कारभार काही मिनिटांचा.

या ग्राहींवर हिस्टामीनला बसू न देणारा पहिला पदार्थ १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बोव्हे आणि स्टॉब यांना सापडला. तो विषारी होता. रुग्णांना देण्याजोगे औषध १९४२ मध्ये फ्रान्समध्ये आले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल मिळाले. लक्षात घ्या, ही औषधे हिस्टामीन नष्ट करत नाहीत, त्याची जागा अडवतात. जुन्या गोळ्यांनी झोप येते, कारण त्या मेंदूत शिरतात आणि तिथे आपल्याला जागे ठेवण्याचे काम हिस्टामीन करत असते. सेटिरिझिन मेंदूत कमी शिरते, म्हणून पेंगही कमी.

आता चट्टेवाला मुलगा. त्याची गोष्ट पुण्याची आहे. गाजरगवत तिथे १९५० च्या दशकात नजरेत भरले. ते अमेरिकन गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगतात, पण कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही त्याचे नाव आहे. पुढे पुणे भागात त्वचादाहाचे रुग्ण वाढले, डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. दोषी ठरले पार्थेनिनसारखे रासायनिक पदार्थ. ते त्वचेतील प्रथिनांशी जोडले जातात, आणि त्यांना ‘परके’ ओळखून हल्ला करतात त्या टी-पेशी. प्रतिपिंडांचा इथे मुख्य भाग नाही, हिस्टामीनचाही फारसा नाही. रिकाम्या खुर्चीवर पहारा बसवावा, तशी गोळीची गत होते. तिच्या गुंगीने रात्री झोप लागते, एवढेच. इथे डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचे मलम लागते आणि गवताचा संपर्क तोडावा लागतो. वाळक्या गवताचा उडणारा भुगाही त्यात आला.

टी-पेशींची ही ओळख पुन्हापुन्हा झालेल्या स्पर्शांतून पक्की होते. म्हणून पाचवीत हे गवत उपटताना काहीच न झालेल्या मुलाला आठवीत चट्टे येऊ शकतात.