मोटारीतील इंधनपंपाचा विद्युत्‌मार्ग आणि अधूनमधून उद्भवणारा दोष : एक ऐतिहासिक विचार

कोल्हापूर शहराच्या पूर्व-आग्नेयेस, करवीर तालुक्यात गडमुडशिंगी हे गाव वसले आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ साली सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ आणि पुढे उभी राहिलेली गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत ही दोन्ही या गावाच्या शेजारचीच होत. ऊस आणि यंत्रे यांच्या सीमेवरील या टापूत मोटार ही केव्हाच चैनीची वस्तू राहिलेली नाही. येथील मोटार सकाळी कारखान्याकडे जाते आणि सणासुदीला गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाते. अशी एखादी मोटार सपाटीवर बिनतक्रार चालते, घाटात अकस्मात बंद पडते आणि दहा मिनिटांनी काहीच घडले नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होते, ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे. तक्रार तीच राहिली, तरी तिचे कारण मात्र काळानुसार बदलत गेले. त्या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तयार केलेली फियाट ११०० व तिचेच पुढील नाव धारण करणारी पद्मिनी, तसेच १९८३ साली आलेली मारुती ८०० या गाड्यांत आरंभी पेट्रोल ओढण्याचे काम इंजिनावर बसविलेला यांत्रिक पंप करीत असे. इंजिन फिरू लागले की त्याच्या दांड्याने पंपातील पडदा हलावयाचा आणि टाकीतील पेट्रोल कार्बुरेटरकडे खेचले जावयाचे. या व्यवस्थेत विजेच्या तारेला स्थान नव्हते. परंतु खेचले जाणारे पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने नळीतच वाफाळे आणि गाडी उभी राही. चालक पंपावर ओले फडके टाकीत व थोडा वेळ थांबत. कारण आणि उपाय दोन्ही डोळ्यांसमोर असल्यामुळे ‘गाडी तापली, पंपाने दगा दिला’ हे निदान लोकांच्या मनात दृढ झाले. त्या काळापुरते ते बव्हंशी यथार्थही होते.

विजेवर चालणारा पंप ही कल्पनाही नवी नव्हे. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत एस. यू. कंपनीचा विद्युत्‌पंप असे. विद्युत्‌चुंबकाने पडदा ओढला जाई, ओढ पूर्ण होताच दोन पॉइंट विलग होऊन प्रवाह तुटे, मग स्प्रिंगच्या जोराने पडदा परत येई व पॉइंट पुन्हा मिळत. चावी फिरविताच ऐकू येणारी त्याची टिकटिक चालकाच्या परिचयाची होती. प्रत्येक वेळी प्रवाह तुटताना उडणाऱ्या बारीक ठिणगीमुळे हे पॉइंट कालांतराने जळत व काळवंडत. मग पंप मध्येच मुका होई आणि पान्याने हलकेच ठोकल्यावर पुन्हा बोलू लागे. अधूनमधून उद्भवणाऱ्या विद्युत्‌दोषाचे हे मोटारीतील एक नमुनेदार उदाहरण होय. तथापि येथेही दोष पंपातच होता आणि तो कानाला कळत होता.

खरे स्थित्यंतर पेट्रोल-फवाऱ्याच्या पद्धतीने घडविले. जर्मनीतील बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. भारतात मात्र धुराविषयीच्या नियमांनी हा बदल घडवून आणला. २००० साली देशभर लागू झालेल्या मर्यादांपासून १ एप्रिल २०२० च्या भारत स्टेज सहापर्यंत त्या उत्तरोत्तर कडक होत गेल्या आणि या वाटचालीत कार्बुरेटर मोटारींतून हद्दपार झाला. पंप आता टाकीत, पेट्रोलमध्येच बुडून राहू लागला. तो पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने पुढे ढकलतो. त्यामुळे नळीत वाफ होण्याचा जुना विकार जवळजवळ नाहीसा झाला. परंतु पंपाचा प्राण आता एका लांब तारेवर अवलंबून राहिला. बॅटरी, फ्यूज, रिले, मागील आसनाखालून जाणारी वायर, टाकीवरील कपलर आणि शेवटी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची वायर हा तो मार्ग होय.

या स्थळी जुने निदान आणि नवे यंत्र यांची फारकत झाली. गाडी तापल्यावर बंद पडते व निवल्यावर चालू होते, एवढे लक्षण पाहून पंपच बदलला जाऊ लागला. वस्तुतः तापल्याने रिलेतील सैल झालेला डाग तुटू शकतो, धक्क्यांनी कपलरमधील पिना सूक्ष्म घर्षणाने गंजतात, अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज धरतो. पंप बदलताना कपलर काढून पुन्हा बसविला जातो व गंजलेल्या पिना घासल्या जातात. म्हणून गाडी काही आठवडे बरी चालते आणि चुकीच्या निदानाला खोटी पुष्टी मिळते. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये खर्च होतात आणि दोष मात्र गाडीतच राहतो.

हा दोष मापकालाही चकवितो. जॉर्ज सायमन ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमात याचे उत्तर आहे. पंपाला सुमारे ५ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. मार्गात ०.५ ओहमचा अवांतर रोध असेल तर २.५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि पंप दुबळा होतो. परंतु कपलर सोडवून तारेच्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर त्याचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असल्याने प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि मापक पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो. जुन्या मिस्त्रीचा २१ वॅटचा दिवा मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. त्यामुळे त्याच रोधावर सुमारे ०.८ व्होल्ट गळतात, आणि रोध याहून वाढला की दिव्याची ज्योत मंद होऊन दोष उघड होतो. येथे साधे साधन महागड्या साधनापेक्षा अधिक सत्य सांगते. अर्थात संगणकाच्या नाजूक तारांना असा दिवा लावणे घातक ठरते आणि उघड्या टाकीपाशी तर ठिणगीची शक्यताच टाळली पाहिजे.

म्हणून योग्य रीत अशी की, कपलर जोडलेलाच ठेवून, पंप चालू असताना, प्रथम बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन पिनेपर्यंत आणि मग पंपाच्या ऋण पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किती व्होल्ट गळतात ते मोजावे. कोणत्याही एका बाजूस अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती आढळल्यास ती बाजू संशयास्पद मानून एकेक सांधा तपासावा. मापक लावूनच वायरिंग हलवावे, रिले कोमट करावा, म्हणजे दडलेला दोष आपण होऊन प्रकट होतो. नव्या गाड्यांतील संगणक दोषाची नोंद ठेवतो हे खरे. पण ती नोंद बहुधा मार्गाकडे बोट दाखविते, त्यातील गंजलेल्या सांध्याकडे नव्हे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. तिच्याबरोबर ओल्या फडक्याचे शास्त्रही मागे पडले. परंतु त्या शास्त्रातील एक गोष्ट टिकवून ठेवण्याजोगी होती. तो मिस्त्री गाडी बंद पडलेली असतानाच, त्याच जागी, त्याच उष्णतेत तिची परीक्षा करीत असे. अधूनमधून उद्भवणारा दोष ही वस्तू नसून घटना आहे, आणि घटना घडत असतानाच तिची साक्ष काढावी लागते. गडमुडशिंगीसारख्या गावातील लहान गॅरेजला महागडी यंत्रसामग्री मिळो वा न मिळो, ही दृष्टी मिळाली तर पंप निष्कारण बदलला जाणार नाही आणि घाटाच्या वळणावर कुटुंबासह कोणी अडकून पडणार नाही.