तुळजापूरची निद्रा आणि मेलाटोनिनची गोळी

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपायला जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. धाराशिव जिल्ह्यातली ही मूर्ती चल आहे, म्हणजे हलवता येते. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. सिंहासनावरून उचलून मूर्ती पलंगावर निजवतात. सगळे मिळून साधारण २१ दिवस, आणि सगळं तिथीनुसार ठरलेलं. मोठ्या रिलीजच्या आधी आणि नंतर झोप! आपल्या कुठल्या मॅनेजरला सुचलंय हे?

आपलं गणित उलटं. रात्री अकराला क्लायंटचा कॉल, मग जेवण, मग डोळे टक्क उघडे. मग मेलाटोनिन. "नॅचरल आहे रे, काही होत नाही."

या गोळीचा इतिहास मजेदार आहे. १९५८ साली येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने गुरांच्या पिनियल ग्रंथींमधून हे रसायन वेगळं केलं. त्यांना रस होता त्वचेच्या रंगात, झोपेत नव्हे! पुढे कळलं की मेलाटोनिन म्हणजे मेंदूने शरीरभर पिटलेली दवंडी: रात्र झाली हो! १९९४ च्या अमेरिकन कायद्यानंतर ते तिथे आहारपूरक म्हणून दुकानात आलं. औषधासारख्या चाचण्या विक्रीआधी देणं बंधनकारक नव्हतं. २०१७ साली कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, तर प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत निघाली.

आता हृदयाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत निद्रानाश असलेल्या १,३०,८२८ जणांचा अभ्यास मांडला गेला. वर्षभर किंवा जास्त काळ मेलाटोनिन घेणाऱ्यांपैकी ४.६ टक्के लोकांना पाच वर्षांत हार्ट फेल्युअर झालं, न घेणाऱ्यांपैकी २.७ टक्के. पण थांबा. हा प्राथमिक, निरीक्षणात्मक अभ्यास. ज्यांची झोप जास्त बिघडलेली तेच गोळी जास्त दिवस घेत असतील, आणि वाईट झोप हृदयाला स्वतःच वाईट. शिवाय अमेरिकेत दुकानातून घेतलेल्या गोळीची नोंद दवाखान्यात होतेच असं नाही. म्हणजे दोष सिद्ध नाही. पण "काही होत नाही" हेही सिद्ध नाही.

साखरेचंही तसंच. २०२२ च्या एका स्पॅनिश अभ्यासात ८४५ जणांनी झोपेच्या तासभर आधी साखरेचं द्रावण घेतलं. रक्तातलं मेलाटोनिन वाढलेलं, इन्सुलिन कमी स्रवलं आणि साखर जास्त चढली. दवंडी पिटून झाल्यावर जेवायला बसलं की हे असं होतं.

तेव्हा मंडळी, गोळी महिनोन्महिने चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ते विचारतीलच असं नाही. आणि जेवण लवकर, झोप ठरलेल्या वेळी. एवढी तिथी तरी पाळूया.