कुंपणाआतली सहल

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नैरोबीच्या ‘ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड’ या वर्तमानपत्रात ‘ओल्ड सेटलर’ अशा सहीचे एक पत्र छापून आले. केनियातली सगळी जंगली जनावरे एकदाची गोळ्या घालून संपवावीत, अशी त्या गृहस्थाची मागणी होती. वाचक खवळले. पत्र लिहिणारा खरे तर मर्विन काउई होता, राष्ट्रीय उद्याने व्हावीत म्हणून वर्षानुवर्षे खटपट करणारा; लोकांना डिवचण्यासाठीच त्याने ही उलटी मागणी केली होती. डिसेंबर १९४६ मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यान उघडले आणि केनियाच्या उद्यानांचा पहिला संचालक काउईच झाला. हा किस्सा नेहमी त्याच्या चातुर्याचा म्हणून सांगितला जातो. त्यात खवळलेले ‘लोक’ कोण, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे गोरे वसाहतवाले होते. ज्या माळावर हे उद्यान झाले तिथे गुरे चारणाऱ्या मसाईंचे मत त्या लोकमतात धरलेच नव्हते.

केनियातल्या शाळांच्या वन्यजीव मंडळांचा इतिहास मला या ‘लोकां’च्या बदलत्या व्याख्येचा इतिहास वाटतो. देश डिसेंबर १९६३ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६८ मध्ये विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने ‘वाइल्डलाइफ क्लब्ज ऑफ केनिया’ ही संस्था उभी राहिली; आफ्रिकेतली अशी ती पहिलीच. शाळाशाळांतून मंडळे निघाली, ‘कोंबा’ नावाचे मासिक निघू लागले आणि मुलांना उद्यानांच्या सहली घडू लागल्या. एरवी जीपच्या टपातून डोके बाहेर काढून सिंह पाहणारा पाहुणा परदेशी असे आणि आफ्रिकी माणूस त्याचा चालक, नाहीतर स्वयंपाकी. आता नाकुरूच्या, किसुमूच्या शाळकरी मुलाला त्या गाडीत पाहणाऱ्याची जागा मिळाली. ही जागा मोठी होती. पण ती पाहणाऱ्याचीच होती, आणि माझ्या मते या उपक्रमाचे यश आणि त्याची मर्यादा दोन्ही तिथेच आहेत.

मर्यादा का म्हणायची, हे कळायला थोडे मागे जावे लागते. वसाहतीच्या काळात शिकार दोन प्रकारची मानली गेली. परवाना काढून बंदुकीने केलेली शिकार हा खेळ. थिओडोर रूझवेल्टच्या १९०९ च्या मोहिमेत लहानमोठे धरून अकरा हजारांवर प्राणी टिपले गेले, आणि ते सारे विज्ञानाच्या खात्यात जमा झाले. धनुष्यबाणाने पोटासाठी केलेली शिकार मात्र गुन्हा. त्सावोच्या झुडपी रानात वाटा जमातीचे लोक लांब धनुष्याने आणि विषारी बाणाने हत्ती मारत. १९४८ मध्ये तिथे उद्यान झाले आणि १९५० च्या दशकातल्या धडक मोहिमेत त्यांच्यातले कितीतरी शिकारी तुरुंगात गेले. हत्तीच्या वाटा, पाणवठे, हंगाम यांची जाण असलेली माणसे ‘चोरटे शिकारी’ म्हणून नोंदली गेली. वीस वर्षांनी शाळेची बस त्याच रानात शिरली, तेव्हा मुलांना हत्तीची ओळख करून द्यायला त्यांच्यापैकी कोणाला बोलावल्याचे या इतिहासात दिसत नाही.

यावर आक्षेप उघड आहे: जुन्या अन्यायाचे रडगाणे गाऊन हत्ती वाचत नाहीत. तो मला निम्मा मान्य आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी केनियात लाखाहून अधिक हत्ती होते. १९८९ पर्यंत ते वीस हजारांच्याही खाली आले. हा संहार धनुष्यबाणाचा नव्हता. त्यामागे स्वयंचलित बंदुका होत्या आणि परदेशी बाजारात हस्तिदंताला मिळणारा भाव होता. सरकारने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि जुलै १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी नैरोबी उद्यानात बारा टन हस्तिदंत जाळले. एवढा मौल्यवान माल जाळणे ही चैन नव्हे, हे देशात पटायला एक शिकलेला, प्राण्यांबद्दल आस्था असलेला वर्ग लागतो. तो घडवण्यात या मंडळांचा वाटा असणार, असे मी मानतो, जरी तो मोजून दाखवता येत नाही.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र पटत नाही. आस्था असली की काम भागते, हे त्यातले गृहीत शहरी आहे. सहलीला आलेल्या मुलाला हत्ती वर्षातून एकदा, खिडकीतून दिसतो. उद्यानाच्या वेशीवरच्या शेतकऱ्याच्या मुलाला तो रात्री मक्यात दिसतो. त्याच्या घरचे नुकसान १९७६ च्या कायद्याने भरून द्यायचे ठरवले होते; १९८९ च्या दुरुस्तीत पीक आणि मालमत्तेची भरपाई काढून टाकली गेली. म्हणजे ज्या वर्षी हस्तिदंताची होळी जगभर गाजली, त्याच वर्षी शेजाऱ्याचा हिशेब गुपचूप बंद झाला. भरपाईची व्यापक तरतूद परत यायला २०१३ चा कायदा उजाडावा लागला. त्यात माणूस दगावल्यास पन्नास लाख शिलिंग ठरले आहेत. पैसे हातात पडायला लागणारा वेळ हा वेगळाच विषय.

शेजाऱ्याचा हिशेब मांडायचा दुसरा एक मार्ग नैरोबीच्याच वेशीवर सापडला. नैरोबी उद्यान जेमतेम ११७ चौरस किलोमीटरचे आहे. तीन बाजूंना कुंपण, दक्षिण बाजू मोकळी. झेब्रे आणि वाइल्डबीस्ट पावसाळ्यात त्या बाजूने कितेंगेलाच्या माळावर उतरतात, म्हणजे मसाईंच्या खासगी जमिनीत. ती जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊन कुंपणे पडू लागली, तेव्हा २००० पासून तिथे एक साधा करार सुरू झाला: जमीन मोकळी ठेवा, विकू नका, एकरी वर्षाला चार डॉलर घ्या. रक्कम फुटकळच, शहराजवळच्या जमिनीच्या भावापुढे तर काहीच नाही. पण ती तीन हप्त्यांत, शाळेची सत्रे सुरू होण्याच्या सुमारास दिली जाई, कारण मसाई कुटुंबांना रोख पैशांची सर्वाधिक निकड पोरांची फी भरताना असते.