मार न लागताही तुटणारा गुडघ्याचा बंध

बंगळुरू – जिना उतरताना किंवा खुर्चीवरून उठताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन पाय अचानक निकामी होतो. कोणतीही मोठी दुखापत झालेली नसते. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या बाबतीत असे घडल्यास तो केवळ अशक्तपणा समजू नये. गुडघा सरळ करणारा बंध तुटलेला असण्याची शक्यता असते.

मांडीच्या पुढील भागातील चार स्नायू एका कंडरेद्वारे गुडघ्याच्या वाटीला जोडलेले असतात. वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत दुसरा बंध जातो. निरोगी व्यक्तीमध्ये हे बंध अत्यंत मजबूत असतात. मात्र मूत्रपिंडे निकामी झाल्यावर शरीरात सक्रिय 'ड' जीवनसत्त्व कमी तयार होते, रक्तातील फॉस्फेट वाढते आणि कॅल्शियम घटते. परिणामी गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अतिरिक्त संप्रेरक स्रवतात. त्यामुळे हाडांची झीज होते आणि बंध हाडाला जेथे जोडलेला असतो, ती जागा कमकुवत होते. काही रुग्णांमध्ये दोन्ही गुडघ्यांचे बंध एकाच वेळी तुटतात.

मधुमेह, संधिवात, ल्युपस आणि गाऊट या विकारांमध्ये, तसेच स्टेरॉइडच्या दीर्घ वापरामुळेही हा धोका संभवतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन आदी प्रतिजैविकांमुळे कंडरा तुटू शकते, असा ठळक इशारा औषधांच्या माहितीपत्रकावर छापण्याचे आदेश अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली दिले होते. साठ वर्षांवरील व्यक्ती, स्टेरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना हा धोका अधिक असल्याचे त्यात नमूद आहे.

या विकाराची प्राथमिक ओळख सोपी आहे. उताणे झोपून गुडघा न वाकवता पाय उचलता न येणे आणि वाटीच्या वर किंवा खाली बोटाला खळगा जाणवणे, ही प्रमुख लक्षणे होत. क्ष-किरण तपासणीत वाटी नेहमीपेक्षा वर अथवा खाली सरकलेली दिसू शकते. सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणीने निदान निश्चित केले जाते.

बंध पूर्णपणे तुटल्यास शस्त्रक्रिया करून तो पुन्हा हाडाशी शिवला जातो. त्यानंतर काही आठवडे गुडघ्याला आधारपट्टा बांधून टप्प्याटप्प्याने व्यायाम दिला जातो. उपचारास विलंब झाल्यास स्नायू आखडतो, तुटलेली टोके दूर जातात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. त्याचबरोबर फॉस्फेट व पॅराथायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण नियंत्रणात आणणे आवश्यक ठरते.

बंगळुरूमध्ये व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या आवारात मूत्रपिंडविकारांसाठी, तर जयनगर परिसरात संजय गांधी अपघात व अस्थिरोग संस्थेत हाडांच्या विकारांसाठी शासकीय उपचार उपलब्ध आहेत. हे दोन्ही उपचार वेगवेगळ्या ठिकाणी होत असल्याने अस्थिरोगतज्ज्ञांना डायलिसिसची व चालू औषधांची, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना गुडघ्याच्या तक्रारीची माहिती रुग्णाने स्वतःहून देणे हिताचे आहे.