टिंबा: टंचाईच्या काळातला ताठ सूर

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर क्यूबात अन्न, इंधन आणि वीज यांची तीव्र टंचाई निर्माण झाली, आणि ‘विशेष कालखंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच हलाखीत हवानाच्या नृत्यगृहांमध्ये टिंबा हे नृत्यसंगीत बहरले, ही खरोखर विलक्षण घटना होय. बासरीवादक होसे लुईस कोर्तेस यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या ‘एनजी ला बांदा’ या वाद्यवृंदात त्याचे रूप स्पष्ट झाले: सोन आणि रुम्बा या जुन्या क्यूबन प्रकारांच्या पायावर जॅझ व फंक चढले, पितळी सुषिरवाद्यांच्या ताना कमालीच्या वेगवान झाल्या, आणि ऐन रंगात बास गिटार एकाएकी थांबवून नर्तकांना तालवाद्ये, पियानो व समूहगायन यांच्या आधारावर अधांतरी ठेवण्याची युक्ती रूढ झाली. या नादाइतकीच महत्त्वाची होती ‘ग्वापेरिया’, म्हणजे गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतील तरुणाची छाती काढून चालण्याची वृत्ती. तिच्या बळावर गायक स्वतःची, आपल्या वाद्यवृंदाची आणि वस्तीची थोरवी बोलीभाषेत बिनदिक्कत गात असे. रिकाम्या ताटासमोरचा हा ताठा स्वाभिमानाचाच उच्चार होता. राज्यसत्तेला मात्र तो रुचला नाही, आणि १९९७ मध्ये ‘चारांगा हाबानेरा’ या लोकप्रिय वाद्यवृंदावर सहा महिन्यांची बंदी आली.