नागपूरचा १९६५ सालचा ज्वर आणि त्यामागून राहिलेली सांधेदुखी

(१)

१९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली. तिच्या कारणांचा शोध पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने घेतला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. नागपूरच्या साथीविषयीचा रॉड्रिग्ज, पाटणकर, बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९७२ साली प्रसिद्ध झाला. या साथीमागे चिकुनगुन्या आणि डेंग्यूचा चौथा प्रकार असे दोन विषाणू होते, हा त्याचा निष्कर्ष होय.

भारतातील विषाणुशास्त्राच्या इतिहासात या निबंधाचे स्थान निश्चित आहे. संधिरोगांच्या इतिहासात मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक चिकुनगुन्या हा जितका ज्वराचा तितकाच सांध्यांचा रोग आहे. ताप चारआठ दिवसांत उतरतो. मनगटे, बोटे, घोटे व गुडघे यांची वेदना पुष्कळदा आठवडे किंवा महिने टिकते, आणि काही रुग्णांत ती आमवातासारखे रूप धारण करते. ज्वराचे कारण ठरविणे आणि ज्वर उतरल्यानंतर सांध्यांचे काय होते हे पाहणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर नागपूरच्या बाबतीत सात वर्षांत प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रश्नाकडे महाराष्ट्रात पद्धतशीर लक्ष जाण्यास चार दशके लागली. हा विलंब कसा घडला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

(२)

चिकुनगुन्याची स्वतंत्र ओळख पटली ती १९५२-५३ साली टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागात. रॉबिन्सन आणि लम्स्डेन यांनी १९५५ साली त्या साथीचे वर्णन केले. रोगाचे नाव माकोंडे लोकांच्या भाषेतील असून त्यात वाकून जाण्याचा, आखडून जाण्याचा अर्थ आहे. नाव पडले ते तापावरून नव्हे. रुग्णाच्या वाकलेल्या देहावरून पडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लोकांनी रोगाचे मर्म प्रयोगशाळेच्या आधी ओळखले होते.

भारतात हा विषाणू १९६३ साली कलकत्त्याच्या साथीत सापडला. १९६४ साली मद्रास आणि वेल्लोर येथे, तर १९६५ साली आंध्रच्या किनारपट्टीवरील शहरांत आणि नागपुरात साथी आल्या. वाहक सर्वत्र एकच, एडिस इजिप्ती हा डास. घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात त्याची पैदास होते आणि तो दिवसा चावतो. रांजण, टाक्या, हौद आणि अलीकडच्या काळात उन्हाळी कूलर ज्या शहरात घरोघरी आहेत, त्या नागपुरासारख्या शहरात त्याला आसरा शोधावा लागत नाही.

डेंग्यूचा वाहकही हाच डास असल्यामुळे दोन्ही रोग एकाच वेळी एकाच वस्तीत नांदू शकतात. नागपुरात तेच घडले होते. रुग्णशय्येजवळ उभ्या असलेल्या वैद्याला पहिल्या दोनतीन दिवसांत या दोहोंत भेद करणे अवघड जाते. दोहोंत ताप, अंगदुखी व पुरळ असू शकतात. भेद पुढे स्पष्ट होतो. डेंग्यूत प्रकृतीला धोका असतो तो मुख्यतः रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे यांपासून. चिकुनगुन्यात सांधे सुजतात आणि दुखणे रेंगाळते.

या भेदाचे ऐतिहासिक महत्त्व डोनल्ड केरी यांनी दाखवून दिले. १९६४ च्या वेल्लोर येथील साथीचा त्यांनी प्रत्यक्ष अभ्यास केला होता. १९७१ साली वैद्यकेतिहासाच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, बटाव्हियातील १७७९ ची, झांझिबारमधील १८२३ ची, कलकत्त्यातील १८२४ ची आणि १८७१-७२ साली झांझिबारहून भारतापर्यंत पसरलेली, अशा ज्या जुन्या साथी डेंग्यूच्या म्हणून नोंदल्या गेल्या, त्या बहुधा चिकुनगुन्याच्या असाव्यात. त्यांच्या युक्तिवादाचा मुख्य आधार जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलेली सांध्यांची वर्णने हा होता. जुने रक्त तपासावयास उपलब्ध नव्हते. उपलब्ध होती ती वेदनेची नोंद. तीच पुरावा ठरली.

केरी यांच्या प्रतिपादनातून पद्धतीचा एक धडा मिळतो. साथीच्या काळात सांध्यांविषयी जे काळजीपूर्वक लिहिले जाते ते दीडशे वर्षांनंतरही उपयोगी पडते, आणि जे लिहिले जात नाही ते कायमचे नाहीसे होते. नागपूरच्या अभ्यासाचा विषय कारणमीमांसा हा होता आणि त्या मर्यादेत तो परिपूर्ण होता. रुग्णांचे सांधे वर्षा-दोन वर्षांनी कसे होते, हा त्याचा विषय नव्हता. त्या काळच्या विषाणुशास्त्राचे लक्ष विषाणू वेगळा करण्याकडे व रक्तातील प्रतिपिंडे मोजण्याकडे होते. विषाणू हाती आला की काम पुरे झाले असे मानले जाई.

(३)

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे साथ आली आणि लोकसंख्येच्या ३७.५ टक्के लोक आजारी पडल्याची नोंद झाली. त्यानंतर विषाणू जणू अंतर्धान पावला. विषाणू विज्ञान संस्थेच्या संचालिका खुर्शेद पावरी यांनी १९८६ साली भारत व आग्नेय आशिया यांतून चिकुनगुन्या नाहीसा झाल्याविषयी निबंध लिहिला, तेव्हा बार्शीच्या साथीला तेरा वर्षे लोटली होती. रोगच दिसेनासा झाल्यामुळे त्याच्या उत्तरपरिणामांचा अभ्यास करण्याचे प्रयोजनही उरले नाही.

या शांततेच्या काळात संधिरोगांच्या संशोधनाची दुसरी एक वाट महाराष्ट्रात तयार होत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिरोगतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम आखला. रुग्णालयात येणाऱ्यांची नव्हे तर गावात राहणाऱ्या सर्वांची घरोघर जाऊन विचारपूस करावयाची, दुखणे असणाऱ्यांना तपासावयाचे आणि मग रोगाचे प्रमाण सांगावयाचे, असे त्याचे सूत्र होते. पुण्याच्या संधिरोग केंद्राचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे हे काम हाती घेतले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. खऱ्या आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले.

या आकड्यांचा चिकुनगुन्याशी संबंध १९९६ साली कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. तो पुढे आला. कोणतीही साथ नसताना दर पाच-सहा प्रौढांमागे एकास सांध्यांची किंवा स्नायूंची काही ना काही तक्रार असते, हे एकदा कळल्यावर साथीनंतरच्या प्रत्येक वेदनेचे खापर विषाणूवर फोडता येत नाही. भिगवणने तुलनेचा पाया घातला. १९६५ च्या नागपुराला तसा पाया नव्हता. त्या वेळी सांधेदुखीचे रुग्ण मोजले गेले असते तरी त्यांतील किती ज्वरापूर्वीचे आणि किती ज्वरामुळे, हे वेगळे काढणे कठीण झाले असते.

(४)

२००५ च्या अखेरीस विषाणू भारतात परतला. २००६ साली देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र व त्यातही विदर्भ-मराठवाडा यांना मोठा फटका बसला. १९६३ ते १९७३ या काळातील विषाणू आशियाई वंशाचे होते. २००६ चा विषाणू आफ्रिकी वंशाचा निघाला. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांतून मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी वंशाचा होता, हे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले. म्हणजे साथीच्या आधी पाच वर्षे पाहुणा उंबरठ्याशी येऊन ठेपला होता.

या वेळी प्रश्न विचारण्याची तयारी अधिक होती. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी २००६ च्या रुग्णांतील मज्जासंस्थेच्या उपद्रवांचा अभ्यास करून तो २००९ साली प्रसिद्ध केला. सांध्यांच्या बाबतीत डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणची घरोघर जाण्याची पद्धत सोलापूर जिल्ह्यातील एका साथग्रस्त गावात वापरली आणि रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुसंख्य रुग्णांचे दुखणे वर्षाच्या आत शमल्याचे दिसले. थोड्यांचेच पुढे टिकले.

हा निष्कर्ष इतरत्र मिळालेल्या निष्कर्षांशी ताडून पाहिला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत ब्राइटन व सहकारी यांनी १९८३ साली १०७ जुन्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा ८७.९ टक्के पूर्ण बरे झालेले आढळले. उलट रियुनियन बेटावरील एका पाहणीत ३६ महिन्यांनंतरही ६० टक्के रुग्णांना सांधेदुखी होती. त्याच बेटावरील दुसऱ्या एका पाहणीने या विसंगतीवर प्रकाश टाकला. तीत दोन वर्षांनंतर बाधितांपैकी ४३ टक्के लोकांनी दुखण्याची तक्रार केली, पण ज्यांना बाधा झालीच नव्हती त्यांच्यापैकीही १७ टक्के लोकांनी ती केली. भिगवणच्या १८.२ टक्क्यांशी या आकड्याचे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. दोन्ही पाहण्यांची प्रश्नावली व काल भिन्न असल्याने त्या साम्यावर फार भार टाकणे युक्त नव्हे. तथापि बाधा न झालेल्यांचा गट ठेवल्यावाचून साथीच्या उत्तरपरिणामांचे कोणतेही प्रमाण अर्थपूर्ण ठरत नाही, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते.

(५)

प्रश्न केवळ मोजणीचा असता तर तो तज्ज्ञांपुरता राहिला असता. परंतु त्यावर उपचार अवलंबून आहेत. आमवाताचे २०१० साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष चिकुनगुन्यानंतरच्या संधिशोथालाही लागू पडू शकतात. २०१४ साली हैतीत बाधा झालेल्या १० अमेरिकी प्रवाशांपैकी ८ जणांचा चिरकालीन संधिशोथ त्या निकषांत बसला, असे २०१५ च्या एका निबंधात नमूद आहे. आमवाताचे निदान झाले की रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दीर्घकाळ, कित्येकदा जन्मभर, घ्यावी लागतात. विषाणुजन्य दुखणे मात्र बहुधा आपोआप ओसरते. एकाला दुसरा समजण्याची चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते: एका बाजूस अनावश्यक औषधांचे ओझे, दुसऱ्या बाजूस खऱ्या आमवाताकडे दुर्लक्ष होऊन झिजलेले सांधे.

क्लोरोक्विनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हिवतापावरील औषधे ल्युपस व आमवात यांत उपयोगी पडतात हे १९५० नंतरच्या दशकात स्थिर झाले होते. त्या अनुभवाच्या आधारे ब्राइटन यांनी १९८४ साली चिकुनगुन्याच्या जुनाट संधिशोथात क्लोरोक्विन देऊन पाहिले आणि त्यांना लाभ दिसला. रुग्ण अवघे १० होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही हा समज वीस वर्षे टिकला आणि २००६ च्या साथीत औषध सर्रास दिले गेले. रियुनियनमध्ये तीव्र अवस्थेत केलेल्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. उलट सुमारे दोनशे दिवसांनंतर क्लोरोक्विन घेतलेल्यांतच सांधेदुखीची तक्रार अधिक होती. पुण्याच्या केंद्राने ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला क्लोरोक्विन व दुसऱ्याला मेलॉक्सिकॅम हे साधे वेदनाशामक २४ आठवडे दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन्ही गटांना उतार पडला आणि दोहोंत लक्षणीय फरक राहिला नाही. १० रुग्णांच्या अनुभवातून उत्पन्न झालेल्या समजाची परीक्षा व्हावयास तीस वर्षे लागली.

दुखणे टिकते का, याविषयी मात्र मतैक्य झालेले नाही. रियुनियनमधील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात १८ महिन्यांनंतरही विषाणूचे अंश सापडल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. उलट कोलंबियातील ३८ रुग्णांच्या सांध्यांतील द्रवात, बाधेनंतर सरासरी २२ महिन्यांनी, विषाणू मिळाला नाही, असे २०१८ च्या निबंधात म्हटले आहे. विषाणू सांध्यात दडून बसतो, की तो निघून गेल्यावरही शरीराची प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच ऊतींशी झगडत राहते, हा वाद स्वयंप्रतिकारी रोगांच्या मूळ प्रश्नाला जाऊन भिडतो. आमवाताचा आरंभ कशाने होतो हे अद्याप निश्चित नाही. ज्यात आरंभाचे कारण आणि आरंभाचा सुमार दोन्ही ज्ञात आहेत असा संधिशोथ म्हणून चिकुनगुन्याचे शास्त्रीय मोल मोठे आहे.

२०२४ साली नागपुरात पुन्हा चिकुनगुन्याची साथ आली. १९६५ साली जी मुले तापाने फणफणली होती ती आता साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या गुडघ्यांत आज वेदना असेल तर ती त्या ज्वराची की वयोमानाच्या झिजेची, हे ठरविण्याचे साधन उरलेले नाही; मधल्या वर्षांची नोंद नसल्याने तो प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेर गेला आहे. २०२४ च्या रुग्णांविषयी तो अजून हाताशी आहे. कोणाला बाधा झाली, शेजारच्या घरात कोणाला झाली नाही, आणि दोघांचे सांधे दर वर्षी कसे आहेत, एवढी यादी ठेवावयास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. ती ठेवली गेली तर नागपूरच्या नावावर १९६५ च्या कारणमीमांसेशेजारी तिचा उत्तरार्धही लागेल.